गुलाबतेल, ॲब्सोल्युट आणि पहाटेची तोडणी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कुंडीतल्या गुलाबाला टपोरी लाल फुलं येतात, पण वास जवळजवळ नाहीच. अत्तराचा गुलाब वेगळा असतो का?

वेगळाच असतो. उंची सुगंधांसाठी जगभर मुख्यतः दोन गुलाब लावतात. एक दमास्क गुलाब (रोझा डॅमासीना): बल्गेरियातलं कझानलाकचं खोरं, तुर्कस्तानातलं इस्पार्टा, इराणमधलं काशान आणि भारतातला कनौज-हाथरसचा पट्टा हे त्याचे प्रदेश. दुसरा भरगच्च पाकळ्यांचा रोझा सेंटिफोलिया, फ्रान्समधल्या ग्रासचा. दोघांचीही फुलं गुलाबी, मऊ, देठावर मान टाकणारी. फुलदाणीत ती फार टिकत नाहीत.

विक्रीच्या फुलांसाठी माणसाने नेमकं उलट निवडलं: ताठ देठ, गडद रंग, प्रवासात टिकणारी कळी. त्यात वास मागे पडला. गुलाबात जिरॅनिऑल हा मुख्य सुगंधी घटक तयार व्हायला एक विशिष्ट विकर (एन्झाइम) लागतं आणि बिनवासाच्या जातींत ते जवळजवळ नसतंच, हे फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. त्यामुळे खत बदलून तुमच्या झाडाला वास येणार नाही.

तोडणी पहाटेच का करतात? ही नुसती परंपरा आहे का?

नाही, यात पैशांचा थेट हिशेब आहे. पुदिन्याच्या पानात तेल साठवणाऱ्या ग्रंथी असतात, गुलाबाच्या पाकळीत नसतात. वास पाकळीच्या अगदी वरच्या थरातल्या पेशींत तयार होतो आणि तिथूनच हवेत जातो. ऊन चढलं की तो उडू लागतो. म्हणून फूल अर्धं उमललेलं, पाकळ्यांवर दव असतानाच खुडायचं आणि सकाळी नऊ-दहापर्यंत तोडणी उरकायची. पोत्यात दाबून ठेवलेली फुलं आतून तापतात आणि आंबतात, म्हणून ती त्याच दिवशी भट्टीवर जायला हवीत. हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा, त्यामुळे चुकलेली सकाळ भरून निघत नाही.

गुलाबतेल आणि रोझ ॲब्सोल्युट एकाच फुलाचे, तरी वास इतका वेगळा कसा?

प्रत्येक रीत फुलातून वेगळा भाग उचलते, म्हणून. गुलाबतेल वाफेने काढतात. हंड्यात फुलं आणि पाणी उकळून वाफ थंड केली की पाण्यावर पिवळसर-हिरवट तेलाचा पातळ तवंग येतो. तो इतका कमी असतो की १ किलो तेलाला साधारण ३,५०० ते ४,००० किलो फुलं लागतात. पण ताज्या गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात सहज विरघळतो. तो बहुतांशी गुलाबपाण्यात राहतो. ते पाणी पुन्हा उकळून विरघळलेलं आणखी तेल काढतात, तरीही तेलात हा घटक जेमतेम काही टक्के येतो.

ॲब्सोल्युट म्हणजे द्रावकाने काढलेला फुलांचा अर्क. त्यासाठी फुलं हेक्झेनसारख्या द्रावकात बुडवतात. द्रावक उडवल्यावर मेणचट गोळा उरतो, त्याला ‘काँक्रीट’ म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून, थंड करून मेण गाळतात. इथे फिनाइल इथाइल अल्कोहोल टिकतो आणि बरेचदा निम्म्याहून जास्त भरतो. म्हणून ॲब्सोल्युट दाट, मधाळ लागतं, तर तेल तिखटसर, हिरवं, हवेत लवकर पसरणारं. १९२१ च्या शनेल नंबर ५ मध्ये ग्रासचा मे महिन्यातला गुलाब जाईच्या जोडीला आहे. मिश्रणात तो खालून भरीवपणा देतो. मला स्वतःला तेलापेक्षा ॲब्सोल्युट फुलाच्या जास्त जवळ वाटतं.

कनौजची रीत तिसरी. तिथे तांब्याच्या डेगमधली (हंड्यातली) वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ झेलणाऱ्या भांड्यात, जाते आणि भपक्यातल्या चंदनतेलात गुलाब मुरतो.

थंडीत माझ्या गुलाबतेलात सुयांसारखे स्फटिक दिसले. फसवणूक झाली का?

नाही. गुलाबतेलात नैसर्गिक मेण असतं आणि २० अंशांच्या आसपास ते गोठू लागतं. बाटली तळहातात धरा, स्फटिक विरघळतील. मात्र स्फटिक दिसले म्हणजे तेल शुद्धच, असंही समजू नका. जिरॅनियम किंवा पामारोझा (रोशा गवत) तेलाची भेसळ नुसत्या नाकाला सहज चकवते. विक्रेत्याकडून त्या खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा.

परफ्युमवर ‘रोझ’ लिहिलेलं असतं, त्यात खरा गुलाब किती?

बहुतेकदा अगदी थोडा किंवा मुळीच नाही. सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, फिनाइल इथाइल अल्कोहोल हे गुलाबाच्या वासातले मुख्य घटक सगळे कारखान्यात बनतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. ‘शुद्ध गुलाबतेल’ म्हणून ते विकणं हाच गुन्हा. पण एवढ्या घटकांवर गुलाब पुरा होत नाही. डॅमासीनोन नावाचा घटक तेलात एका टक्क्याहूनही कितीतरी कमी असतो, पण वासाला खोली त्याच्यामुळे येते. तो बल्गेरियन तेलात १९६० च्या दशकात सापडला. आज तोही कृत्रिमरीत्या बनतो, तरी खऱ्या तेलातल्या शेकडो घटकांची गुंफण कृत्रिम मिश्रणात पूर्ण उतरलेली मला अजून आढळली नाही.

दमास्क गुलाब लावून घरी तेल काढता येईल?

झाड लावा, पण तेलाचा नाद सोडा. १० किलो फुलांतून हाती येईल अडीच-तीन ग्रॅम तेल, आणि घरच्या भांड्यात तेही चिकटून जाईल. गुलाबपाणी मात्र उत्तम निघतं. या झाडाला थंड हिवाळा, भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. कझानलाकचा गुलाब वर्षातून एकदाच, आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो. म्हणून त्याची छाटणी बहर संपल्यावर लगेच करा. उशिरा छाटलंत तर पुढच्या वर्षीची फुलंच छाटाल. भरघोस तोडणी तिसऱ्या वर्षापासून मिळते.