वाचकांचे प्रश्न : एम. डी. नंतर आणखी तीन वर्षे कशासाठी?

प्रश्न : माझा मुलगा एम. डी. रेडिओडायग्नोसिसच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की तो निपाणीत सोनोग्राफी सेंटर काढील, अशी आमची अपेक्षा होती. आता तो म्हणतो, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी शिकायची, म्हणजे आणखी तीन वर्षे. फोटो काढून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना आणखी काय शिकायचे असते? आणि ते शिकून आमच्या भागात उपयोग आहे का? — एक पालक, निपाणी

उत्तर : साडेपाच वर्षे एम. बी. बी. एस., तीन वर्षे एम. डी. आणि आता तीन वर्षे डी. एम. किंवा डीआरएनबी या एम. डी. नंतरच्या सुपरस्पेशालिटी पदव्यांची, असा हा साडेअकरा वर्षांचा हिशेब आहे, आणि त्यात प्रवेश परीक्षेसाठी घालवलेली वर्षे धरलेलीच नाहीत. तेव्हा आपली काळजी मला समजते. मात्र आपला मुलगा मागतो आहे ते रिपोर्ट लिहिण्याचे पुढचे शिक्षण नव्हे. सोनोग्राफी, सी. टी. किंवा क्ष-किरणांच्या पडद्याकडे पाहत सुई आणि तार शरीरात नेऊन, चिरफाड न करता उपचार करणे हे या शाखेचे काम आहे. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी 1953 साली सुईतून तार आत सोडून, सुई काढून, त्याच तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि आजचा रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणारा डॉक्टरही, पहिल्या दिवशी तीच शिकतो. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या एका बाईंची पायातली अरुंद झालेली रोहिणी अशाच मार्गाने रुंद केली, आणि बाईंचा पाय वाचला.

निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल मी काय सांगावे? विडी ओढणाऱ्या आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, अंगठा काळा पडतो, आणि घरचे लोक बराच काळ हळद लावत बसतात. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, अरुंद होतो. जुन्या क्षयाने खराब झालेली फुफ्फुसे अचानक रक्त टाकतात, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, काविळीच्या रुग्णाची पित्तनलिका गाठीने दाबली जाते. ही सारी कामे या शाखेची आहेत आणि असे रुग्ण चिकोडी, अथणी, खानापूर या तालुक्यांतही आहेतच. उपयोग आहे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच होय असे आहे. मात्र हे काम एकट्याच्या सेंटरमध्ये होत नाही, त्याला कॅथलॅब (क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिन्यांत नळ्या घालण्याची खोली), रक्तपेढी आणि मदतीला धावणारा शल्यविशारद असलेले रुग्णालय लागते. निपाणीतले सेंटर बहुधा होणार नाही, बेळगाव किंवा कोल्हापूर होईल.

माझे मत विचाराल तर तीन वर्षे घालवण्याआधी संस्थेची पारख नीट करावी. प्रवेश नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेतून होतो, एम्स व पीजीआयसारख्या राष्ट्रीय संस्थांची परीक्षा वेगळी असते. पण गुणांच्या यादीत न दिसणारी गोष्ट तेथल्या रेसिडेंटांनाच विचारावी लागते : तार कोणाच्या हातात असते? काही ठिकाणी रेसिडेंट तीन वर्षे टेबलाच्या पलीकडे उभा राहून सिरिंज भरत राहतो. दुसरी गोष्ट, विभागाची स्वतःची ओ. पी. डी. आणि खाटा आहेत का? ज्याने रुग्णाला आधी तपासले नाही आणि नंतर वॉर्डात पाहिले नाही, तो फार तर कुशल कारागीर होतो.

या कामातला बारकावा दाखवायचा तर शेवटची पंधरा मिनिटे पाहावीत. उपचारासाठी जांघेतून रोहिणीत घातलेली नळी काढल्यावर रेसिडेंट बोटांनी रोहिणी दाबून धरतो, आणि नवखा हमखास कातडीवरच्या भोकावर दाबतो. सुई तिरपी गेलेली असल्यामुळे रोहिणीचे छिद्र त्याच्या थोडे वर, पोटाच्या बाजूला असते. तेथे दाब पडला नाही तर बाहेर थेंब दिसत नाही, पण मांडीत रक्त साचत राहते. सीमाभागातल्या मुलाला एक फायदाही मिळतो. रुग्ण जागा असतो आणि चित्र घेताना त्याने श्वास रोखला नाही तर चित्र फिसकटते. ‘श्वास धरा’ आणि त्याचेच कन्नड ‘उसिरु हिडीरि’ ही दोन्ही वाक्ये सहज येणाऱ्या डॉक्टरला दुभाषा लागत नाही, आणि संमतीपत्रही समजावून सांगता येते.

प्रश्न : मी रेडिओलॉजीची रेसिडेंट आहे. रीडिंग वाढले तर कामावरून काढतील, म्हणून टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) लॉकरमध्ये ठेव, असे वरिष्ठ सांगतात. काय करावे? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : बॅज लेड (शिशाच्या) ॲप्रनच्या आत, छातीवर लावावा. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा 5 वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी आहे, आणि शिस्तीने काम करणाऱ्याचे रीडिंग तिच्या बरेच खाली राहते. लॉकरमधला बॅज लॉकरचे किरण मोजतो. रीडिंग खरोखरच वाढले तर दोष कोठे आहे हे त्यावरूनच शोधता येते : क्ष-किरण सुरू करणारे पायाखालचे पेडल गरजेपेक्षा जास्त वेळ दाबले जाते का, ॲप्रन घडी घालून ठेवल्याने आतले शिसे तडकले आहे का. गरोदरपण लक्षात येताच विभागप्रमुखांना लेखी कळवावे. त्यानंतर गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि तसे काम नेमून देणे ही रुग्णालयाची जबाबदारी ठरते.