साखळी आणि तलवार

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी जॉर्ज वॉशिंग्टन जमिनीची मोजणी करत असत, असे वाचनात आले. ही मोजणी कशी होत असे आणि पुढे सैन्यात त्यांना तिचा उपयोग झाला काय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : उपयोग निश्चितच झाला. 1748 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, वॉशिंग्टन एका मोजणी पथकाबरोबर व्हर्जिनिया वसाहतीच्या सरहद्दीवरील शेनान्डोआ खोऱ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी कल्पेपर परगण्याचे मोजणीदार झाले. दोन माणसे साखळी ओढत, मोजणीदार काठीवर बसवलेल्या होकायंत्राने दिशा पाहून वहीत टिपून घेई आणि हद्दीच्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा केल्या जात. पूर्ण साखळी 66 फुटांची असे. दाट रानात 33 फुटांची अर्धी साखळी सोयीची पडे. आपला गुंठाही 33 फूट लांब आणि तितकाच रुंद, त्यामुळे सातबारा हाताळणाऱ्यांना हे माप परके वाटू नये.

1753 च्या अखेरीस, फ्रेंचांनी ओहायो खोरे सोडावे असा व्हर्जिनियाचे ब्रिटिश गव्हर्नर डिनविडी यांचा खलिता घेऊन ते निघाले, तेव्हा ते अवघे 21 वर्षांचे मेजर होते. वाटेत अ‍ॅलेगनी आणि मोनोंगाहेला या नद्यांचा संगम पाहताच, दोन्ही नद्यांवर हुकमत ठेवणारी ही जागा किल्ल्यासाठी उत्तम आहे, हे त्यांनी ओळखले. ही पारख मोजणीदाराची होती, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी नेमका तेथेच किल्ला बांधला. आज तेथे पिट्सबर्ग आहे.

परतताना एकाच बोथट कुऱ्हाडीने दिवसभर खपून त्यांनी आणि वाटाड्या ख्रिस्तोफर गिस्ट यांनी तराफा केला. वाहत्या बर्फाच्या धक्क्याने वॉशिंग्टन नदीत फेकले गेले, पण तराफ्याचे लाकूड हाती लागल्याने वाचले. ओल्या कपड्यांनिशी दोघांनी बेटावर रात्र काढली; गिस्ट यांच्या हातापायांची बोटे थंडीने गारठून बधिर झाली. सकाळी नदी इतकी गोठली होती की ते चालतच पलीकडे गेले.

या प्रवासाच्या रोजनिशीतील एक नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. तानाघ्रिसन या तेथील मूळनिवासींच्या पुढाऱ्याने फ्रेंच सेनाधिकाऱ्याला काय सुनावले, ते वॉशिंग्टन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे : ही भूमी फ्रेंचांचीही नाही आणि इंग्रजांचीही नाही, ती परमेश्वराने आम्हाला राहण्यासाठी दिलेली आहे.