हाय त्यातच घाल की!

खानापूरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: पायथॉन ही संगणकाची भाषा शिकताना 'इन-प्लेस ऑपरेटर' (+= सारखं चिन्ह) आला. त्याला 'जागच्या जागी' म्हणावं का, आणि साध्या बेरजेहून तो वेगळा कसा?

'जागच्या जागी' मला पटत नाही. 'भांडी जागच्या जागी ठेव' म्हणजे जिथली तिथे लाव. 'जागेवर' म्हटलं तर लगेच, तडकाफडकी. मी 'आहे त्यातच' म्हणेन. बेळगावात ऐन चहाच्या वेळी पाहुणा टपकला की आतून आवाज येतो, "हाय त्यातच वाईच पाणी घाल की." पातेलं तेच, म्हणून चहा पातळ होतो तो सगळ्यांचाच. दुसरं आधण ठेवलं असतं तर आधीच्या चहाला धक्का नव्हता.

आता हे बघा (पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, ही एक मजाच):

बाजार = ["गूळ", "शेंगदाणे"]
आईची = बाजार
आईची += ["कुंदा"]

यादी एकच, नावं दोन. त्यामुळे कुंदा 'बाजार'मध्येही दिसतो. तिसरी ओळ 'आईची = आईची + ["कुंदा"]' अशी लिहिली असती तर नवी यादी बनली असती आणि 'बाजार' होता तसाच राहिला असता.

खरं आकड्यांचं तसं नाही. 'दर = 40' नंतर 'दर += 5' केलं तरी चाळीस तो चाळीसच; 'दर' ही पाटी फक्त पंचेचाळीसवर जाऊन बसते. आकडा आणि अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर) पायथॉनमध्ये बदलताच येत नाहीत. म्हणजे तिथे चिन्ह आहे, 'आहे त्यातच' नाही. शाळेतलं 'पाचात तीन मिळवा' असंच चकवतं: सप्तमी म्हणते पाचाच्या आत घाल, पण पाच काही वाढत नाही.

नामापेक्षा क्रियापदं जास्त कामाची, असं माझं मत. 'बेरीज केली' म्हटलं की उत्तर वेगळं निघालं. 'भर घातली' म्हटलं की मूळ वस्तूच वाढली. शेजारच्या कन्नडातही बेरजेला कूडिसु आणि आणखी घालायला सेरिसु आहेच. वजाबाकीत 'वजा केले' आणि 'घटवले' ही जोडी चालेल. गुणाकाराला मात्र अशी जोडी मला सुचत नाही, तिथे 'आहे त्यातच गुणा' असंच म्हणावं लागेल.