झडती कोणी घ्यायची?

प्रिय बाळ,

सलाम. तुझे पत्र दोनदा वाचले. मागच्या रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी व प्याला घेण्याच्या विधीसाठी, सगळी मंडळी उठून पुढे गेली आणि तू एकटाच बाकावर बसून राहिलास, कारण आदल्या रात्री वहीत मांडलेली अकरा पापे पाहून त्या भाकरीला हात लावण्याची आपली लायकी नाही असे तुला वाटले. तुझी तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण आत्मपरीक्षेने माणसाला प्रभूच्या मेजापासून उठवून लावले, तर कुठेतरी गफलत झाली आहे असे समजावे.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय उघड. २८ व्या वचनात प्रेषित पौल सांगतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकरी खावी व प्याल्यातून प्यावे. परीक्षा करून घरी बसावे, असे तो सांगत नाही. त्याच्या आधीच्या वचनातल्या ज्या ‘अयोग्य’ शब्दाची तुला धास्ती बसली आहे, तो मूळ ग्रीक भाषेत क्रियाविशेषण आहे, म्हणजे तो खाणाऱ्याच्या लायकीविषयी नसून खाण्याच्या रीतीविषयी आहे. ती रीत कशी बिघडली होती, हे २१ व्या वचनात दिसते: जो तो आपलेच जेवण आधी उरकून घेई, त्यामुळे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन झिंगलेला असे. म्हणजे तिथे परीक्षेचा विषय शेजारी बसलेला माणूस होता. आपण मात्र हे वचन एकट्याने, दार लावून वाचतो.

दुसरे म्हणजे १३९ वे स्तोत्र. त्याच्या शेवटी स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो, माझी झडती घे. मराठीत हा शब्द फार नेमका पडला आहे. झडती दुसऱ्याने घ्यायची असते. स्वतःची झडती स्वतः घेणाऱ्याला कोणत्या खिशात हात घालायचा नाही हे आधीच ठाऊक असते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. शाळेत शिकवत होतो तेव्हा मीही अशीच वही ठेवत असे. पावसाळ्यातल्या एका रात्री तिच्यात ‘राग – दोनदा’ एवढे लिहून मी समाधानाने दिवा मालवायला उठलो. मग प्रार्थनेला बसलो, तर डोळ्यांपुढून एक मुलगा हलेना. डोक्यावर पोत्याची भिजलेली खोळ घेऊन तो वर्गाच्या दाराशी उभा होता, पायाखाली पाण्याचे थारोळे झाले होते, आणि उशीर झाला म्हणून मी त्याला तसाच तास संपेपर्यंत उभा ठेवला होता. त्या सकाळी सर्व शिक्षकांसमोर माझा पाणउतारा झाला होता आणि त्याचा सूड मी त्या पोरावर उगवला होता. ‘राग’ या शब्दाखाली भ्याडपणा लपला होता, आणि तो माझ्या वहीला दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्याने मलाच ‘सॉरी सर’ म्हटले.

इग्नेशियस लोयोलाचे नाव तू ऐकले असशील. तो कॅथलिक संत आणि आपण प्रॉटेस्टंट, पण या बाबतीत त्याच्याकडून शिकण्यात मला कधी संकोच वाटला नाही. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा शिपाईगडी पुढे मान्रेसा गावी राहिला, आणि तिथे कबूल केलेलीच पापे पुन्हा पुन्हा उकरून काढण्याच्या नादात त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. त्या खाईतून बाहेर आलेल्या माणसाने पुढे रोजच्या परीक्षेची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी आभार मानण्याची आहे. दुसरीत देवाकडे कृपा मागायची, कारण तिच्याशिवाय पाप ओळखताही येत नाही. दिवसाची उजळणी तिसरी येते. मग क्षमा मागायची आणि शेवटी सुधारणेचा निश्चय करायचा. तुझ्या वहीत एकदम तिसऱ्या पायरीपासून सुरुवात झाली आहे.

तेव्हा महिनाभर वही बंद ठेव. रात्री दहा मिनिटे बस, आधी दिवसभरात मिळालेल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार मान, नुसते ‘सर्व आशीर्वादांसाठी’ म्हणून मोकळा होऊ नकोस. मग झडती माग आणि गप्प राहा. एखादा चेहरा समोर आला तर त्याच्यापाशी थांब, बाकीची यादी राहू दे. डुलकी लागली तर झोप, मलाही लागते.

आणि एक विचारतो. अकरा पापे तू क्रमांक घालून लिहिलीस, पण ‘नाताळपासून दादाशी बोलणे नाही’ हे पत्राच्या तळाशी कंसात आले आहे, त्याला क्रमांकसुद्धा नाही. पुढचे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. शनिवारी संध्याकाळी दादा घरी असतो ना?

तुझा,
सर