मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आणि अंडाशयातील सिस्ट

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. वडिलांकडून मला पॉलिसिस्टिक किडनीचा (मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या अनेक पिशव्या, म्हणजे सिस्ट, होण्याचा) आजार आला असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. नुकत्याच केलेल्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरचा सिस्ट दिसला. मूत्रपिंडाचाच आजार तिथे पसरला आहे का? तो काढावा लागेल का? आम्हाला मूल हवे आहे.

उत्तर : तुमची शंका स्वाभाविक आहे, कारण हा आजार मूत्रपिंडांपुरता राहत नाही; यकृतात आणि कधी स्वादुपिंडातही सिस्ट होतात. अंडाशयाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हा आजार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत अंडाशयातील सिस्टचे प्रमाण या आजारामुळे वाढलेले आढळलेले नाही. मूत्रपिंडातील सिस्ट बहुधा पीकेडी १ किंवा पीकेडी २ या जनुकांतील दोषामुळे सूक्ष्म नलिकांपासून तयार होतात आणि आयुष्यभर हळूहळू वाढत जातात. अंडाशयात दर महिन्याला साधारण २ सेंटिमीटरपर्यंत वाढणारी बीजपुटी (स्त्रीबीज असलेली छोटी पिशवी) न फुटता वाढत राहिली किंवा फुटल्यानंतर तिच्यात पुन्हा द्रव साचला, तर सिस्ट दिसतो आणि तो बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतो. हार्मोनच्या असंतुलनातून होणारा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हाही स्वतंत्र विकार आहे.

पातळ भिंतीचा, आत केवळ स्वच्छ द्रव असलेला ४ सेंटिमीटरचा सिस्ट पाळी चालू असलेल्या वयात सहसा काढावा लागत नाही. अहवालात घट्ट भाग किंवा जाड पडदे यांचा उल्लेख असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला लगेच घ्यावा. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. मूत्रपिंडाच्या दुखण्याची सवय असलेल्या स्त्रिया अशी कळही अंगावर काढतात, याची मला खरोखर काळजी वाटते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके मात्र स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा निसटते. सिस्ट विरावा म्हणून कधीकधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात, परंतु त्यांमुळे तो लवकर विरतो असे दिसून आलेले नाही. शिवाय या आजारात यकृतातील सिस्ट स्त्रियांमध्ये अधिक आणि मोठे होतात, आणि यांतील बहुतेक गोळ्यांत असलेल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे त्यांची वाढ होऊ शकते; म्हणून अशी गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची सोनोग्राफी पाहणे आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारणे मी आवश्यक मानतो.

मूत्रपिंडांचे कार्य चांगले असेल, तर या आजारामुळे सहसा गर्भधारणेला अडथळा येत नाही. मात्र गरोदरपणात रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवावे लागते आणि प्रत्येक अपत्याला आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, त्यामुळे जनुकीय समुपदेशन आधीच घ्यावे. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असा असेल, अथवा तुम्ही टोलव्हॅप्टन (मूत्रपिंडातील सिस्टची वाढ मंदावणारे औषध) घेत असाल, तर ही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. ती स्वतःहून बंद न करता, मूल होण्यासाठी प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.