‘पुरे’चा आकडा

प्रिय पोरी,

सलाम.

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर जिन्यात गाठून तू विचारलंस, ‘काका, देवाला द्यायचा दशमांश, पगाराचा दहावा भाग, ग्रॉसवर काढायचा की हातात पडतो त्यावर?’ हातात अर्पणाच्या थैल्या होत्या, मी ‘बघू’ म्हणून सटकलो. पगार वाढला तरी महिनाअखेर ओढाताण तीच, थैली पुढे आली की धस्स होतं, असं तू पुटपुटलीस तेही ऐकलं होतं. मेगाब्लॉक होता. भायखळ्याहून डोंबिवली गाठेपर्यंत दोन तास तेच डोक्यात.

‘देव पुरवील’ हे तुला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे, ते मी पुन्हा सांगणार नाही. मी एकच सांगतो: तुझ्या ‘पुरे’चा आकडा ठरव. आत्ता, पुढची वाढ हातात पडायच्या आधी. भाडं, पास, आईचं औषध, मैत्रिणींबरोबरचं बाहेरचं खाणं, सगळं धर. महागाई वाढली तर तेवढ्यापुरता वाढव. त्याच्या वरचं तुझं नाही असं धरून चाल. ग्रॉस की हातातलं, याने मला फरक पडत नाही. दहावा भाग टाकून उरलेल्या नवांत हावऱ्यासारखी जगलीस, तर तो दशमांश म्हणजे देवाला भरलेला मेंटेनन्स.

‘मला जो सामर्थ्य देतो’ हे बायबलमधलं वचन तुम्ही मगवर छापता, इंटरव्ह्यूला जाताना स्टेटसला ठेवता. त्याच्या वरच्या-खालच्या ओळी वाच गं जरा! ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती देणगी पाठवली, तिची तो पोच देतोय. पावतीच म्हण. तिच्यातच तो लिहितो की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं, हे मी शिकलो. शिकलो म्हणतो हं, जन्मतः येत होतं म्हणत नाही. तृप्ती आणि देणं एकाच पावतीवर होतं, आपण त्यातली एक ओळ कापून मगवर चिकटवली.

आणि तो युट्यूबवरचा उपदेशक, ‘हजार पेरा, लाख उगवतील’वाला? आमच्या वेळी मुंबईत त्याला मटका म्हणत.

आकड्याचं खूळ माझं एकट्याचं नाही. अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली, त्याने एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब सांगितलाय; तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं मानतात. वर्षाला 30 पौंड मिळाले, 28 मध्ये भागवलं, 2 दिले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी 28 मध्येच भागवलं, 32 दिले. मग 90, मग 120. खर्चाचा 28 काही हलला नाही. चौथ्या वर्षी त्याने 92 पौंड दिले.

माझा हलत राहिला. 1991 मध्ये ताईने भाचीच्या नर्सिंगच्या फीसाठी चार हजार मागितले. ‘घराचा हप्ता आहे’ म्हणालो. हप्ता खरंच होता. दिवाळीत रंगीत टीव्ही आला, तोही खरा. भाची नर्स झाली नाही. आजही गेलो की ‘मामा, अजून एक घ्या’ म्हणत ताटात पोळी वाढते, आणि ती मला गिळता येत नाही. हप्ता संपला की देईन म्हणायचो. हप्ता संपला तेव्हा मुलाचं कॉलेज होतं, मग गुडघ्याचं ऑपरेशन. आकडा नव्हता ना, मग ‘पुरे’ कधी म्हणणार?

चर्चचा खजिनदार झाल्यावर तरी शहाणं व्हावं! एक आजी दर रविवारी वीजबिलाच्या कागदात घडी करून पन्नास रुपये टाकायची, बहुतेकदा टेप लावलेल्या नोटा. बँकेत कटकट होते म्हणून मी मोजताना कुरकुरलो, दार उघडं होतं. पुढच्या रविवारी त्याच कागदात पाच कोऱ्या दहाच्या नोटा. वाण्याकडून बदलून आणल्या होत्या. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. ती आता नाही.

त्यानंतर मी आकडा ठरवला. चारचौघांत मला चिक्कू म्हणतात, म्हणू देत. मुलगा म्हणतो, पप्पांच्या हट्टापायी आई अजून तीन मजले चढते. मी त्याला सांगतो, लिफ्टवाल्या घराला जे जास्त लागले असते त्या पैशात दोन पोरांची फी भरली जाते, दरवर्षी. तो म्हणतो, आईला विचारलंत? विचारलं नव्हतं. म्हणून तुला सांगतो, आकडा एकटीने ठरवू नकोस, आईला शेजारी बसव. पण ठरव. ‘बघू’ म्हणू नकोस, ‘बघू’ माझा शब्द आहे आणि त्याने माझी वीस वर्षं खाल्ली.

शनिवारी संध्याकाळी ये. कागद घेऊन ये, मोबाइलमध्ये नको. काकू सुक्या बोंबलाची चटणी करणार आहे. लिफ्ट नाही, माहीत आहेच.

तुझा,
खजिनदार काका