डिलिव्हरीचे ७५० आणि व्याजाचे ६,०००

प्रश्न: नागपूरच्या मनीषनगरात राहतो, मिहानमध्ये नोकरी, वय ३८, पगार हातात ६२ हजार. घरी बायको, मुलगी आणि आई. किराणा-भाजी अॅपवरून येते. डिलिव्हरी, हँडलिंग आणि छोट्या ऑर्डरचा आकार मिळून महिन्याला साडेसातशे रुपये उगाच जातात. अॅपवाले १,४९९ रुपयांत वर्षाची मेंबरशिप देतात, ९९ रुपयांवरच्या ऑर्डरला डिलिव्हरी फुकट. घ्यावी का? बाकी पैशाचं टेन्शन नाही. क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू एकदाही थकलेलं नाही (बाकी सध्या १ लाख ४० हजार). आईच्या आजारपणासाठी २ लाखांची एफडी वेगळी आहे. विम्याचा वर्षाचा ६० हजारांचा हप्ता चार वर्षांपासून कार्डावरूनच भरतो, पॉइंट्स मिळतात.

उत्तर: घेऊ नका. कारण सांगतो, पण तुमचा खरा प्रश्न तुम्ही कंसात टाकलाय.

आधी मेंबरशिप. तुम्ही जोडलेलं बिल बघा: सांबार (कोथिंबीर) १८, लिंबं २०, दही ३५. माल ७३ रुपयांचा. त्यावर डिलिव्हरी २५, हँडलिंग १०, छोट्या ऑर्डरचे १२. म्हणजे ७३ च्या मालावर ४७ रुपये वर, आणि अशा ऑर्डरी महिन्याला सोळा. मेंबरशिपनं यातले फक्त २५ वाचणार, तेही ९९ च्या वर गेलात तर. ते ९९ गाठायला तुम्ही चिप्सचं पाकीट टाकाल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि अॅपवाल्यालाही. आठवड्याची यादी करून दोनदा मागवा. सांबार दारावरच्या ठेल्यावरून घ्या, चार भाज्या घेतल्या तर तो मिरच्याही वर टाकेल. आधी न दाखवलेला आकार शेवटच्या स्क्रीनवर उगवत असेल, तर त्याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात. डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी अॅपची मांडणी, यावरच्या केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याला मनाई आहे. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते. करा.

आता कंस. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं म्हणजे बिल भरलं, असं तुम्ही धरून चाललात. बँकेला तुमच्यासारखं गिऱ्हाईक फार आवडतं. तुमच्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला ३.६ टक्के लिहिलंय. १ लाख ४० हजारांवर ते झालं ५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६ हजारांच्या घरात. महिन्याला! तुम्ही भरता ७ हजार, त्यातून मुद्दल फिटतं हजारभर. आणि त्याच महिन्यात पुन्हा भाजी त्याच कार्डावर. बाकी ओढत राहिलात की बिनव्याजी दिवसही जातात, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे ज्या दहा रुपयांच्या हँडलिंगवर तुम्ही चिडलात, त्या दहा रुपयांवरही तुम्ही व्याज भरताय. वर्षाला डिलिव्हरीचे गेले ९ हजार, कार्डाचे ७० हजारांवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आणि हे होत असताना २ लाख एफडीत ७ टक्क्यांनी झोपलेत. ४३ टक्क्यांनी कर्ज घेऊन ७ टक्क्यांनी ठेव ठेवणं याला आईच्या आजारपणाची सोय म्हणू नका, भाऊ. कार्ड एवढं भरलेलं असताना उद्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं तर त्यावर किती लिमिट उरलंय, ते आजच बघा. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा साधारण टक्काभर दंड बसेल, बसू द्या. मोडवतच नसेल तर त्याच एफडीवर कर्ज काढा, ८-९ टक्क्यांत मिळतं. पण कार्ड या आठवड्यात शून्य करा. उरलेले ६० हजार तसेच राहू द्या. आतापर्यंत कार्डात घालत होतात ते ७ हजार दर महिन्याला तिथेच टाका, वीस महिन्यांत २ लाख पुन्हा उभे राहतील.

हप्त्याचं तर काय बोलू. ६० हजार कार्डावर टाकून तुम्हाला पॉइंट्स मिळाले तीनशे रुपयांचे, आणि त्या ६० हजारांवर पहिल्याच महिन्यात व्याज-कर अडीच हजार. एजंटनं वीस वर्षांत तिप्पट सांगितलं, असं तुम्ही खाली लिहिलंय. वीस हप्त्यांच्या १२ लाखांचे ३६ लाख व्हायला दरवर्षी साडेनऊ टक्क्यांच्या वर परतावा लागतो. विमा आणि बचत एकत्र असलेल्या या जातीच्या पॉलिसीत ५ टक्के धरा, म्हणजे २१ लाखांच्या आसपास. 'तिप्पट' त्यानं कागदावर लिहून दिलंय का? नसणारच. आणि विमा रक्कम १२ लाख, म्हणजे तुमचा दीड वर्षाचा पगार, पदरात तीन माणसं असताना. एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो. खर्रा खात असाल तर फॉर्मात खरं लिहा, पुढे क्लेम अडतो.

पॉलिसी लगेच फेकू नका. शाखेत जाऊन, एजंटकडे नाही, दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे घेतले, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. टर्म विमा हातात आल्यावर ते कागद मला पाठवा, मग ठरवू.

कार्ड फेडताना स्टेटमेंटवरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. कस्टमर केअरला त्या दिवसापर्यंतच्या व्याजासकट रक्कम विचारा. तरीही पुढच्या बिलात चार-पाचशे रुपये मागचं व्याज म्हणून निघतील, घाबरू नका. तेही पूर्ण भरा, मिनिमम नाही.